दीड तास, दीड महिना

शिआनहून चेंगदूला विमानाने साधारण दीड तास लागतो. नकाशावर सरळ रेघ ओढली तर दोन शहरांमध्ये सुमारे ६०० किलोमीटर भरतात. डिसेंबर २०१७मध्ये सुरू झालेली वेगवान रेल्वे ६५८ किलोमीटरचा मार्ग चारेक तासांत संपवते. मध्ये छिनलिंगचे डोंगर आहेत. रेल्वे त्यांच्या पोटातून जाते, विमान डोक्यावरून.

आठव्या शतकात शिआनचं नाव चांगआन होतं. ती तांग साम्राज्याची राजधानी. आन लूशानचं बंड राजधानीच्या दाराशी आलं तेव्हा, ७५६ साली, सम्राट श्वानझोंग चेंगदूकडे पळाला. वाटेत त्याचेच सैनिक बिथरले आणि लाडक्या यांग ग्वेइफेइच्या मृत्यूला त्याला संमती द्यावी लागली. चेंगदूला पोचायला त्याला सुमारे दीड महिना लागला. तीन वर्षांनी कवी दु फू बायकामुलांना घेऊन गान्सूच्या बाजूने डोंगर ओलांडत त्याच शहरात आला. त्या मुलखातल्या वाटा कशा, तर कड्यात भोकं पाडायची, त्यांत तुळया ठोकायच्या आणि वर फळ्या अंथरायच्या. खाली दरी.

याच प्रवासावर ली बायची कविता आहे. तिच्या नावाचा अर्थच ‘शूची वाट अवघड’. शू म्हणजे चेंगदूच्या आसपासचा मुलूख. ली बाय तिथेच लहानाचा मोठा झाला. काही इंग्रजी अनुवाद आणि एक शब्दकोश शेजारी ठेवून मी ही कविता सध्या मराठीत आणतो आहे. संपादकांनी सुचवलं, तळटीपेत आजचं अंतर आणि विमानाचा वेळ द्या, वाचकाला अंदाज येईल. सूचना रास्त आहे. पण ‘दीड तास’ वाचल्यावर कुणीही म्हणेल, मग एवढा आकांत कशासाठी?

मी कोलकात्यात राहतो, आई नागपुरात. विमान दोन तासांच्या आत पोचवतं. तरी आई शेजारणीला सांगते, “तो फार लांब असतो हो.” तिला किलोमीटर ठाऊक नाहीत आणि त्यांच्याशी तिला कर्तव्यही नाही. मागच्या पावसाळ्यात तिला चार दिवस ताप होता. मला कळलं ते ताप उतरल्यावर. उगाच काळजी नको, म्हणून तिनेच सांगितलं नव्हतं. आपलं माणूस किती लांब आहे, हे अशा चार दिवसांवरून कळतं. विमानाच्या वेळापत्रकावरून नाही.

ली बायच्या कवितेतही खरा घोर डोंगरांचा नाही. गेलेला माणूस परत येईल का, याचा आहे. चिनी ‘ली’ हे माप साधारण अर्ध्या किलोमीटरचं. त्याचे कोस केले काय, किलोमीटर केले काय, हा घोर त्यात उतरत नाही. मराठीत मात्र एक शब्द हाताशी आहे. ‘अंतर’ म्हणजे लांबी, ‘अंतर’ म्हणजे फरक, ‘अंतर’ म्हणजे मन. आणि ‘मला अंतर देऊ नकोस’ म्हणजे मला सोडून जाऊ नकोस. ली बायला हा शब्द मिळाला नसता. मला मिळाला, तो मी कवितेत वापरला आहे.

तळटीपही दिली आहे. तिच्यात विमानाचा दीड तास आहे, पण त्याच्या आधी सम्राटाचा दीड महिना आहे.