बोरघाटातली सोडून दिलेली वाट

पुणेकराचे आगगाडीशी असलेले नाते मोठे जिव्हाळ्याचे. दरसाल १ जूनला डेक्कन क्वीनचा वाढदिवस साजरा करणारी हौशी मंडळी याच गावची. परंतु याच पुणेकराला विचारावे, की बाबा रे, पुण्याची पहिली गाडी कुठवर जात होती? तो बेधडक सांगेल, मुंबईपर्यंत! वस्तुस्थिती तशी नाही. १४ जून १८५८ रोजी पुण्याची आगगाडी सुरू झाली, ती खंडाळ्यापर्यंत. पुढे घाट आडवा होता. मुंबईकडची गाडी घाटाच्या पायथ्याशी खोपोलीला थांबायची, आपली खंडाळ्याला. आणि मधला चढ उतारूंनी पालखीतून, तट्टावरून किंवा बैलगाडीतून पार पाडायचा. जवळजवळ पाच वर्षे हा प्रकार चालला.

२१ एप्रिल १८६३ रोजी बोरघाटाचा लोहमार्ग खुला झाला, तेव्हा कुठे पुणे मुंबईला जोडले गेले. १५ मैलांहून थोड्या अधिक अंतरात गाडीला १,८३१ फूट चढायचे होते. काही ठिकाणी चढ इतका बिकट, की दर ३७ फुटांमागे १ फूट उंची. २५ बोगदे खणावे लागले. आणि एवढे करूनही खंडाळ्याच्या खाली एका अरुंद सोंडेवर रस्ताच संपला. वळायला जागा नाही, पुढे कडा. तेव्हा इंजिनियरांनी एक युक्ती काढली. गाडी सरळ त्या सोंडेवर न्यायची आणि थांबवायची. इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला जोडायचे, की शेपटाचा डबा तोंडाशी आला! मग गाडी उलट दिशेने निघून पुढचा चढ चढू लागे. हेच ते रिव्हर्सिंग स्टेशन. १९२९ साली नवा मार्ग तयार झाला, विजेची इंजिने आली, आणि साठाहून अधिक वर्षे राबलेली ही वाट रेल्वेने सोडून दिली.

ही जागा पाहायची तर पुण्याहून लोकलने लोणावळ्याला उतरावे आणि रिक्षाने खंडाळ्याच्या पुढे, जुन्या रस्त्याने घाटाच्या तोंडाशी जावे. मी गेलो तेव्हा पावसाळा नुकताच सरला होता. नागफणीचा सुळका धुऊन काढल्यासारखा स्वच्छ दिसत होता आणि उतारांवर तेरड्याचा गुलाबी रंग पसरला होता. घडीव काळ्या दगडांच्या सांध्यांतून रोपटी उगवलेली. दरीतून चालत्या गाडीचा आवाज वर येत होता. पण ती गाडी नव्या मार्गाची. इथे मात्र शांतता.

त्या शांततेत मला आठवण झाली ती माणसांची. १८६१ साली या घाटाच्या कामावर ४२,००० माणसे होती. कड्यावर दोर बांधून माणूस खाली सोडायचा, त्याने लोंबकळत खडकाला भोक पाडायचे, त्यात दारू ठासायची. पटकीच्या साथी येऊन गेल्या. मजुरीच्या थकबाकीवरून १८५९ साली मजूर पेटून उठले, आणि पहिल्या कंत्राटदाराने काम सोडले. दुसरा, सॉलोमन ट्रेडवेल, विलायतेहून आला तो त्याच वर्षी वारला. मग त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिसने, कंत्राट स्वतःकडे ठेवून दोन इंजिनियरांकरवी ते तडीस नेले. या सर्वांची नावे इतिहासात आहेत. ४२,००० माणसांपैकी एकाचेही नाव आपल्या ओठावर नाही.

लोकांनी मात्र आपल्या परीने एक नाव जपले आहे. जुन्या रस्त्यावर शिंगरोबाचे देऊळ आहे. आख्यायिका अशी, की घाटाची वाट इंग्रजांना दाखवली ती शिंगरोबा नावाच्या धनगराने, आणि बक्षीस म्हणून त्याला गोळी मिळाली. कागदपत्र मागू नका. येणारे-जाणारे ड्रायव्हर तिथे आजही नाणे टाकतात, हाच त्याचा कागद!

आता प्रश्न असा, की या वाटेचे पुढे काय? दुर्लक्ष फार काळ परवडत नाही. याच परिसरातला सर्वांच्या परिचयाचा अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये सुरुंग लावून पाडला. कारण खोटे नव्हते; त्याच्या खांबांमुळे द्रुतगती मार्ग अरुंद झाला होता आणि अपघात होत होते. पण टाळेबंदीत घरी बसलेल्या आपल्याला त्याचा निरोपसुद्धा घेता आला नाही.

न्यूयॉर्कमध्ये १९८० साली बंद पडलेला मालगाडीचा उंचावरचा मार्ग असाच पाडायला निघाला होता. १९९९ साली शेजारपाजारचे लोक एकत्र आले, आणि २००९ पासून तिथे माणसे चालू लागली. त्यात भरपूर पैसा ओतला गेला. आपल्याला तेवढ्याची गरज नाही. रेल्वेची परवानगी, कड्याच्या बाजूने मजबूत कठडा, चालत्या रुळांकडे कुणी जाऊ नये म्हणून पक्के कुंपण, मराठीतले चार फलक, आणि वाट दाखवायला घाटातल्याच वाड्यांवरची मुले. धनगर, ठाकर, कातकरी यांच्या पोरांनी आपल्या पूर्वजांच्या पायाखालची वाट पाहुण्यांना दाखवावी आणि त्याचा मोबदला त्यांनाच मिळावा. पहिल्या वाटाड्याला गोळी मिळाली असे लोक सांगतात. त्याच्या वंशजांना निदान रोजगार तरी मिळो.

फलकावर बोगद्यांची संख्या लिहावी, चढाची उंची लिहावी, इंजिनियरांची नावेही अवश्य लिहावीत. पण सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत, एकच आकडा असावा: ४२,०००. नावे आपल्याजवळ नाहीत. निदान मोजदाद तरी विसरू नये.