फोर्टात फॅमिली फोटो? आधी दगड बघा, मग कपाट उघडा!

फॅमिली फोटो काढायचा ठरला की पहिला प्रश्न 'कोण कोण येणार?' हा नसतोच मुळी. पहिला प्रश्न असतो 'घालायचं काय?' व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर न्यू जर्सीतला चुलतभाऊ जाहीर करतो, 'थीम ठेवू या! पांढरा टी-शर्ट, ब्लू जीन्स.' काकू लगेच रडका स्मायली टाकते. बाबांना त्यांचा लग्नातला ब्लेझरच घालायचा असतो. आणि ऐंशी वर्षांची नऊवारीतली आजी? तिला कुणी विचारलेलंच नसतं!

आमच्या घरी हे रामायण आजीच्या ऐंशीच्या निमित्ताने घडलं. स्टुडिओत ढगांच्या पडद्यापुढे उभं राहायचं नाही, फोटो आपल्या मुंबईतच काढायचा, एवढ्यावर मात्र एकमत झालं. म्हणून एका रविवारी सकाळी मी सीएसएमटीला उतरले आणि फोर्ट पालथा घातला. का? तर बॅकग्राऊंड आधी ठरलं, की कपडे आपोआप ठरतात. फोर्टात बॅकग्राऊंड म्हणजे दगड. आणि बॉस, इथल्या प्रत्येक दगडाचा रंग वेगळा!

सुरुवात सीएसएमटीपासूनच. १८८८ मध्ये पूर्ण झालेली, २००४ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेली ही इमारत म्हणजे कमानी, जाळ्या, दगडात कोरलेले पशुपक्षी... नुसती गजबज. तिच्यापुढे फुलाफुलांचा कुर्ता घातलात तर तुम्ही इमारतीतच विरघळून जाल. इथे हवेत प्लेन आणि गडद रंग. बाटलीहिरवा, गर्द निळा, वाईन.

काळाघोड्याला आलं की मामला एकदम उलटा. १८७० ची डेव्हिड ससून लायब्ररी मालाडच्या पिवळ्या दगडाची. तिच्यापुढे बेज, क्रीम, खाकी म्हणजे पाल भिंतीवर बसल्यासारखं! मोरपंखी किंवा जांभळा घाला, फोटो उठतो. जवळच्या गल्लीत १८८४ चं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग आहे, निळं-पांढरं. इथे जीन्स-टीशर्टची थीम सपशेल आपटते, कारण भिंतही निळी-पांढरी आणि माणसंही निळी-पांढरी. मोहरी रंगाची साडी किंवा केशरी ओढणी मात्र झकास दिसेल. (प्रार्थनास्थळ आहे, तेव्हा दारात गोंधळ नको.)

गेटवे तर सगळ्यांचंच लाडकं. १९२४ ची ही पिवळसर बेसाल्टची कमान कुठल्याही गडद रंगाला सांभाळून घेते. घोळ होतो तो उन्हाचा. समुद्र पूर्वेला आहे. त्यामुळे सकाळी कमान मागे घेऊन उभं राहिलात तर सूर्य पाठीशी येतो आणि चेहरे काळे पडतात. मग आईची पैठणी काय आणि तुमचा ब्रॅण्डेड शर्ट काय, सगळं सारखंच!

आणि मग एशियाटिकच्या पायऱ्या. १८३३ चा टाऊन हॉल, पांढरे डोरिक खांब आणि तीस पायऱ्या. इमारतीचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे सकाळी पायऱ्यांवर सावली असते. कुणी डोळे बारीक करत नाही, कुणाच्या कपाळावर घाम नाही. शिवाय पायऱ्या असल्यामुळे मागचे आपोआप उंच दिसतात, खुर्च्यांची गरजच नाही. आजीला वर चढवायलाही नको. ती दुसऱ्या पायरीवर बसेल, बाकीचे तिच्या मागे. जागा ठरली!

राहिले कपडे. आजोबा गेल्यापासून आजी भडक रंग नेसत नाही. राखाडी, फिकट जांभळा, बदामी, बस्स. 'या एका दिवसापुरतं काहीतरी ब्राइट नेस ना' असा आग्रह सुरू झाला तशी ती गप्प झाली. त्या गप्प बसण्यात 'मग मी नाही येत' हे सगळ्यांना ऐकू आलं. मी विषय बदलायला म्हणून भिंतीवरचा १९६६ चा फोटो काढला. स्टुडिओतला, ब्लॅक अ‍ॅण्ड व्हाइट. आजोबा कोट आणि काळ्या टोपीत, आजी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी. तिचं लुगडं आम्ही जन्मभर करडंच बघितलेलं.

'आजी, हे कुठल्या रंगाचं होतं गं?'

'डाळिंबी,' ती क्षणात म्हणाली. 'ह्यांनी आणलं होतं. काठ हिरवा.'

साठ वर्षं तो रंग फक्त तिच्या एकटीच्या डोळ्यांत होता!

'मग आता नेसशील डाळिंबी?'

'माझं राहू दे गं. तुम्ही घाला.'

थीम ठरली ती अशी. आजी तिच्या नेहमीच्या राखाडी इरकलीत, तिचा काठ तेवढा लालसर. बाकी प्रत्येकाच्या अंगावर डाळिंबी काहीतरी. आईची साडी, बाबांच्या ब्लेझरच्या खिशात रुमाल, भाचीचं खणाचं परकर-पोलकं, न्यू जर्सीकरांचा कुर्ता (खाली जीन्स, तेवढी सूट दिली). पांढऱ्या खांबांपुढे सगळीकडे थोडं थोडं डाळिंबी आणि मधोमध एक शांत राखाडी. फोटोत नजर पहिली तिच्यावरच जाते.

तुमच्याही घरी असं एक माणूस असेलच, जे कपडे बदलणार नाही. आजीचं लुगडं, काकांचा युनिफॉर्म, नाहीतर बहिणीचा हट्टाचा काळा टी-शर्ट. त्या माणसापासून सुरुवात करा आणि बाकीचे रंग त्याच्याभोवती लावा. थीम माणसासाठी असते, माणूस थीमसाठी नाही.

जाता जाता थोडं टेक्निकल. अगदी बारीक रेघा आणि चौकडे टाळा, डिजिटल कॅमेऱ्यात त्यांच्या लाटा दिसतात. निऑन रंगांची झाक शेजारच्याच्या गालावर येते. भर उन्हात पांढरा फटफटीत होतो. छातीवर मोठ्ठा लोगो असेल तर लोक चेहऱ्याआधी तोच वाचतात. पायऱ्यांवर बसणार असाल तर चपला-बूट दिसणार, तेवढे पुसून घ्या. लाईट, ट्रायपॉड असा जामानिमा असेल तर परवानगीची चौकशी आधी करा. आणि रविवारी सकाळी लवकर पोचा, कारण नंतर पायऱ्यांवर तुमच्यासारखीच अजून चार कुटुंबं असतील!

सगळ्यात महत्त्वाचं, फोटो प्रिंट करा आणि मागे पेनाने लिहा. तारीख, नावं आणि हो, कोणी कुठला रंग घातला होता तेही. काय सांगावं, साठ वर्षांनी कुणीतरी विचारेल.