पाळीची वही

कोजागरीला पेडण्याची पुनव असते. त्या निमित्ताने आम्ही गावी गेलो की श्री भगवतीच्या सभामंडपात एक प्रश्न ठरलेला असतो : ‘इतकी वर्षे तुम्ही शिकता तरी काय?’ संगणकाच्या स्मृतीचे संरक्षण हा आमच्या डॉक्टरेटच्या प्रबंधाचा विषय, असे उत्तर दिले तर ऐकणाऱ्याच्या मुद्रेवर आदर दिसतो, बोध दिसत नाही. म्हणून आम्ही नंदादीपाकडे बोट दाखवितो.

संगणकाची स्मृती म्हणजे अब्जावधी इवल्या दिव्यांच्या ओळी होत. दिवा तेवत असेल तर एक, विझला असेल तर शून्य. १९६६ साली रॉबर्ट डेनार्ड यांना सुचलेल्या या रचनेत प्रत्येक दिव्यातील विद्युद्भार तेलाप्रमाणे सतत झिरपत असतो. म्हणून साधारणतः दर ६४ सहस्रांश सेकंदांनी प्रत्येक ओळ वाचून पुन्हा भरावी लागते. हे ऐकून आमच्या आजीने विचारले होते, ‘तुज्या त्या दिव्यांत तेल कोण घालता?’ प्रश्न मार्मिक होता. आमचे बरेचसे संशोधन त्या तेल घालणाऱ्याच्या वेळापत्रकाभोवतीच फिरते.

२०१४ साली अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले की, एकाच ओळीचे दार अतिवेगाने, लाखाहून अधिक वेळा उघडझाप केले तर शेजारच्या ओळीतील दिव्यांचे तेल अवेळी सांडते. तपासलेल्या १२९ स्मृतिफलकांपैकी ११० फलकांत हा दोष आढळला. म्हणजे गाभाऱ्यात पाऊल न टाकता, केवळ शेजारच्या खोलीचे दार आपटून आतला दीप मालविता येतो! २०१५ साली गूगलच्या संशोधकांनी याच युक्तीने संगणकाचे सर्वाधिकार हाती घेऊन दाखविले.

यावर उपाय अनेक आहेत. ओळींच्या जागा बदलून तो घातक शेजारच तोडावा, असा एक उपाय २०२२ साली पुढे आला. तो शिकविताना आम्हांस डिचोली महालातील नार्वे आठवते. सोळाव्या शतकात दिवाडी बेटावरील देऊळ पाडले गेले तेव्हा सप्तकोटेश्वराचे लिंग नदीपार नार्व्यास गेले, आणि १६६८ साली छत्रपती शिवाजीमहाराजांनी तेथील देवालयाचा जीर्णोद्धार करविला. दुसरा उपाय रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० साली प्रसिद्ध केला : मजकुराबरोबर थोडे अधिक अंक असे गुंफावे की, एखादा अंक बिघडला तर तो कोणता हे कळून दुरुस्त करता यावा. आपले घनपाठी वैदिक मंत्रातील पदे पुढे-मागे, उलट-सुलट म्हणतात, त्याचाही गुण हाच. एक पद चुकले की बाकीची पदे साक्ष देतात.

परंतु या विद्येचा आम्हांस किती अहंकार होता, हे डिचोलीस आमच्या आजोळी कळले. तेथील एका देवस्थानात उत्सवातील सेवेच्या पाळ्यांची जुनी वही आहे. ती संगणकावर उतरवून देण्याचे काम आम्ही हौसेने पत्करले. तीन प्रती केल्या. प्रत्येकीस पडताळणीचे अंक जोडले. उत्सवाच्या दिवशी एक वृद्ध बाई सभामंडपात उभ्या राहिल्या व म्हणाल्या, ‘यात आमच्या घरची पाळी नाही.’ आम्ही हसून उत्तरलो, ‘मावशी, तिन्ही प्रती जुळतात. चूक असणे शक्य नाही.’ त्या काही बोलल्या नाहीत. समईसाठी आणलेले तेलाचे भांडे पदराआड करून परत गेल्या.

त्या रात्री आम्ही मूळ वही पुन्हा उघडली. दोन पाने ओलीने एकमेकांस चिकटली होती. ती हलकेच सोडविली, तो आतल्या पानावर त्या घराचे नाव स्वच्छ अक्षरात लिहिलेले! यंत्राने काहीच बिघडविले नव्हते. आमची चूक त्याने तिहेरी निष्ठेने जपली होती. सकाळी त्यांच्या ओसरीवर जाऊन आम्ही क्षमा मागितली, आणि नंतर सर्व महाजनांसमक्ष, जेथे हसलो होतो तेथेच, पुन्हा मागितली.

आता वर्गातील पहिला तास आम्ही याच हकिकतीने आरंभितो. साठविलेले जसेच्या तसे राखणे ही आमची विद्या. साठविण्यापूर्वी, ज्यांस आठवते त्यांस विचारणे हे आमचे कर्तव्य. एकदा एका विद्यार्थिनीने विचारले, ‘आणि आठवणारे कोणी उरलेच नाही तर?’ या प्रश्नाचे उत्तर आमच्या प्रबंधात नाही. म्हणून दर सुट्टीत आम्ही ती वही घेऊन घरोघर बसतो, एकेक पान मोठ्याने वाचतो, आणि वडीलधारी माणसे सांगतील ते निराळ्या कागदावर उतरवून घेतो. मागल्या उत्सवात त्या बाईंची पाळी झाली. समईत तेल घालताना त्यांचा हात कापत होता. समई धरण्यास त्यांनी आम्हांलाच हाक मारली.