कारेजचे पाणी व काळजाचे रक्त

बिदरनजीक नौबाद येथील बहामनी काळातील कारेज पाहताना आम्हां भावंडांस नेहमी नवल वाटते. जमिनीच्या पोटातून वाहणारे ते पाणी, ठिकठिकाणी खोदलेल्या विवरांतून डोकावल्याखेरीज दृष्टीस पडत नाही. रक्ताचेही तसेच. ते कसे वाहते हे पाहावयाचे, तर बाहेर त्याची प्रतिकृती करावी, नाही तर आत डोकावण्याची युक्ती शोधावी.

प्रतिकृतीचा विचार थोर चित्रकार लिओनार्दो दा विंची याने १५१३ च्या सुमारास केला. हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या मुखाशी, झडपेच्या वर, तीन फुगवटे असतात. त्या भागाचा काचेचा नमुना करून त्यात पाणी खेळवावे व गवताचे बी सोडावे, असे त्याने लिहून ठेविले. फुगवट्यांत भोवरे उठतात व तेच झडप मिटण्यास साह्य करतात, हा त्याचा निष्कर्ष. २०१४ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी एम.आर.आय. यंत्राने जिवंत माणसांत तेच भोवरे पाहिले. पाचशे वर्षांनी गवताच्या बियांची साक्ष खरी ठरली म्हणावयाची!

गतवर्षी आमच्या आजोबांस चढ चढताना छातीत कळ येऊ लागली. कलबुर्गीच्या जयदेव हृदयरोग संस्थेत मनगटातील धमनीवाटे बारीक नळी सारून, क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य सोडून, हृदयाच्या धमन्यांचे चित्र घेतले. एक धमनी मध्येच मुंगीच्या कमरेसारखी आवळलेली दिसली. आजोबा मात्र म्हणाले, "निम्मी वाट उघडी आहे ना? मग निम्मे रक्त जातच असेल. उगाच कशाला ते सारे!"

विज्ञानाच्या गुरुजींनी आम्हांस फ्रेंच वैद्य प्वाझय यांचा नियम सांगितला : प्रवाह शांत असेल, तर नळीची त्रिज्या निम्मी होताच, तेवढ्याच दाबाखाली तो सोळाव्या हिश्श्यावर येतो. आम्ही अंगणात उंचावर माठ ठेवून सारख्या लांबीच्या दोन नळ्या लावल्या; एकीचा व्यास दुसरीच्या निम्मा. तांब्या भरण्यास बारीक नळीला सुमारे दहापट वेळ लागला. सोळापट नव्हे, कारण जाड नळीतले पाणी खळाळत होते. हृदयातील आवळलेला भाग आखूड असतो, पुढील सूक्ष्म वाहिन्या रुंदावून स्वस्थ बसल्यावेळी तूट भरून काढतात आणि चढावर ती सोय अपुरी पडते, असा खुलासा डॉक्टरांनी आधीच केला होता. तो आम्हांस आता उमगला.

आजोबा ओट्यावरून पाहत होते. "आणा इकडे, पोरांनो," म्हणून त्यांनी स्वतः बारीक नळीखाली तांब्या धरला व बोटांवर मोजू लागले. तो अर्धाही भरला नव्हता, तोच त्यांनी आजीस हाक मारली, "अगं, डॉक्टरांनी कोणता वार सांगितला होता?"