आधी पुंगळी

रायफल चांगली आहे, नळी उत्तम आहे, गोळी पारखून घेतली आहे, मग रिकाम्या पुंगळीवर पैसे कशाला घालवायचे? हे मत मी बरीच वर्षं बाळगलं. अमेरिकेत राहून नेमबाजीकडे नव्याने वळलेल्या आपल्या मराठी मंडळींनी विचारलं की त्यांनाही तेच सांगायचो: पैसे नळीत आणि दुर्बिणीत घाला, पुंगळ्या काय, रेंजवर पडलेल्या असतात. आज ते मत मी मागे घेतो आहे. का, ते नीट सांगायला हवं, कारण माझ्या शब्दावर विसंबून काहींनी आपली जुळणी केली आहे.

मी एफ-टीआर या प्रकारात भाग घेतो. पालथं पडून, रायफल बायपॉडवर टेकवून लांब पल्ल्यावर नेम धरायचा. कॅलिबर दोनच चालतात, .२२३ रेमिंग्टन किंवा .३०८ विंचेस्टर. वाऱ्याने कमी ढळणारं एखादं नवं कॅलिबर घेऊन पुढे जायची सोय नाही. म्हणून जी सुधारणा करायची ती काडतुसात, आणि त्यासाठी बहुतेक जण काडतुसं घरीच भरतात. पुंगळी, प्रायमर, पावडर आणि गोळी या चारांपैकी तीन गोष्टी एका बारात संपतात. पुंगळी तेवढी परत हातात येते.

माझा जुना युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. लक्ष्याला पुंगळी लागत नाही, गोळी लागते. पुंगळीत जो काही दोष असेल तो टेबलावर काढता येतो, अशी माझी श्रद्धा होती. आमच्याकडे हिवाळ्यात रेंज बर्फाखाली असते. त्या दिवसांत मी तळघरात बसून गोळा केलेल्या, वेगवेगळ्या कारखान्यांच्या पुंगळ्या निवडायचो. प्रायमरभोवतीचा दाबून बसवलेला काठ काढायचा, आतल्या छिद्राची खरखर घासायची, लांबी एकसारखी कापायची, मग वजन करून ढीग लावायचे. या कामात मला खरा आनंद होता, आणि मेहनतीने स्वस्त माल महागाच्या तोडीचा होतो याचं समाधानही.

मत बदललं ते गोळीचा वेग मोजणाऱ्या क्रोनोग्राफमुळे. तीच रायफल, तीच गोळी, तोलून घातलेली तीच पावडर, आणि तरी माझ्या निवडलेल्या पुंगळ्यांमध्ये सर्वांत जलद आणि सर्वांत मंद बारात सेकंदाला चाळीसेक फुटांचा फरक यायचा. एका मित्राने स्वतःच्या एकाच लॉटमधल्या चांगल्या पुंगळ्या वापरायला दिल्या. मी त्यांच्यावर काहीच काम केलं नव्हतं, तरी फरक निम्म्याहून कमी झाला. हजार यार्डांवर .३०८ च्या बाबतीत सेकंदाला १० फुटांचा फरक म्हणजे गोळी साधारण ३ इंच वर किंवा खाली. तिथल्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ १० इंचांचं आणि त्यातलं एक्सचं ५ इंचांचं. माझे किती गुण वाऱ्याने नव्हे तर पुंगळीने नेले, याचा हिशोब मला तेव्हा लागला.

कारण शोधू लागलो तेव्हा धातूपाशी पोचलो. पुंगळीचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. आधी वाटीसारखा आकार, मग ती वाटी टप्प्याटप्प्याने ओढून लांब करायची. ओढताना पितळ कडक होतं, म्हणून मधे मधे तापवून मऊ करावं लागतं. शेवटी बूड कडक आणि तोंड मऊ राहायला हवं. बार उडतो तेव्हा तोंड आणि मान फुगून नळीच्या मागचं घर बंद करतात, वायू मागे येऊ देत नाहीत, आणि क्षणात थोडं आकसून बाहेर यायला मोकळी होतात. त्याच क्षणी बुडाने दर चौरस इंचाला ६०,००० पौंडांच्या आसपासचा दाब सोसायचा असतो. एकाच तुकड्यात इतके वेगळे स्वभाव आणायचे, तेही प्रत्येक नगात सारखे.

या धातूच्या अभ्यासातला एक महत्त्वाचा धडा आपल्याच भारतात घडला. ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांमध्ये ठेवत आणि ती आपोआप तडकलेली सापडत. कारण १९२१ साली मोर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी उलगडलं: घोड्यांच्या मुतातला अमोनिया, आणि ओढकामात पितळाच्या अंगात राहिलेला ताण. तो ताण नीट तापवून घालवला की तडे थांबतात. बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या पितळाच्या पोटात काय दडलेलं असतं, हे मला त्यातून पटलं. माझ्या कॅलिपरला ते कधीच दिसलं नसतं.

आता मी दोषांचे दोन भाग करतो. लांबी, छिद्राची खरखर, तोंडाचा चेपलेला काठ हे मी सुधारू शकतो. मान आणि खांदा तापवून पुन्हा मऊही करू शकतो. पण मऊ बूड कडक करणं माझ्या हातात नाही. बूड मऊ असेल तर थोड्याच भरण्यांत प्रायमरची जागा सैल होते आणि पुंगळी टाकावी लागते. भिंत एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ असेल तर मानेची जाडी तासून उपयोग नाही. तो असमतोल खाली बुडापर्यंत गेलेला असतो. जे घरी दुरुस्त होत नाही तेच विकत घ्यायचं, हा माझा आताचा नियम आहे, आणि पुंगळीच्या किमतीत आपण नेमकं तेच विकत घेतो.

वजनाच्या ढिगांवरचाही माझा विश्वास उडाला. पितळ पाण्याच्या साधारण साडेआठ पट जड. दोन पुंगळ्यांत साडेआठ ग्रेनचा फरक असेल तर पोटात जेमतेम एक ग्रेन पाण्याएवढी जागा कमी-जास्त होते, आणि तीही ते जादा पितळ आतल्या भिंतीत असेल तर. ते बुडाच्या खाचेत आहे की भिंतीत, हे तराजू सांगत नाही. कित्येक संध्याकाळी मी खाचेचं वजन करत होतो.

सगळ्यांनी लापुआचीच पुंगळी घ्यावी असं मी म्हणत नाही. फिनलंडच्या त्या गावातला माल मला आवडतो, पण स्वीडनची नॉर्मा आहे, अमेरिकेतल्या पीटरसन आणि अल्फा आहेत. शंभर-दोनशे यार्डांवर .२२३ चा सराव करायचा असेल तर मिझूरीतल्या लेक सिटीच्या लष्करी कारखान्याच्या मजबूत पुंगळ्या भरपूर झाल्या. लांब पल्ल्याला मात्र नावापेक्षा लॉट महत्त्वाचा. नळी टिकेल तोवर पुरतील इतक्या पुंगळ्या एकाच लॉटच्या, एकदम घ्या. दुर्बीण एक पायरी कमी घेतली तरी चालेल.

आणि ज्यांनी माझं ऐकून मिसळीच्या पुंगळ्यांवर आपली भरणी ठरवली आहे, त्यांना एक कळकळीची विनंती. नव्या पुंगळ्या आल्या की पावडरचं जुनं माप तसंच घालू नका. नव्या पुंगळीची भिंत जाड असेल तर पोटातली जागा कमी, आणि त्याच मापाने दाब जास्त. छापील मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या मापावर परत जा, तिथून पायरीपायरीने वर चढा, आणि प्रत्येक पायरीला दाब जास्त झाल्याच्या खुणा पाहा: चपटा झालेला प्रायमर, जड उघडणारा बोल्ट. त्या दिसल्या तर तिथेच थांबा आणि माप कमी करा. पुढे पुंगळ्या पुन्हा पुन्हा भरताना बुडाजवळ चकचकीत कडं उमटतंय का तेही पाहा. ते दिसलं तर ती पुंगळी तिथूनच तुटायला लागली आहे. ती पुन्हा भरू नका.