दोऱ्याचा गुंडा

मार्च महिना. शिरड शहापूरला आमच्या अंगणात उकडलेली हळद वाळत पडलेली. माय गड्डे आणि हळकुंडं वेगळी करत बसली होती. चित्रकलेच्या इतिहासाचा पेपर तोंडावर होता, म्हणून मी घरी आले होते. घोकून डोकं आंबलं तेव्हा एक रंगीत प्रिंट तिच्यापुढं धरली.

फ्रान्स्वा बूशेनं १७४३ साली काढलेलं हे चित्र सध्या न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहालयात आहे. झालरीच्या टोपीतली एक नटलेली बाई दिवाणावर आडवी झालीय. भिंतीवरच्या फळीवर चिनी बाहुली आणि चहाची भांडी. माझ्या वहीत उत्तर तयार होतं: पॅरिसच्या श्रीमंतांना लागलेलं चिनी वस्तूंचं वेड, आणि इटलीच्या चित्रकारांनी रंगवलेल्या निजलेल्या व्हीनसची घरगुती थट्टा.

मायनं पिवळे हात लुगड्याला पुसले, पण प्रिंट हातात घेतली नाही. वाकून बघितली.

“एवढी नटून दिवसाढवळ्या लोळतीय? दोऱ्याचा गुंडा खाली पडलाय, तेवढाबी उचलंना.”

तो गुंडा मी शंभरदा पाहिला होता, पण तो उचलायचा असतो हे काही सुचलं नव्हतं.

“टेबलाचा खणबी उघडाच. आन् समोर नवराच हाय.”

“कशावरून?”

“परका आला असता तर बाई उठून बसली नसती?”

मी गप्पच झाले. हे चित्र कितीतरी वर्षं ‘मादाम बूशे’ म्हणूनच ओळखलं जात होतं. ही चित्रकाराची बायको मारी-जान, असं धरून चालत. आता अभ्यासक तशी खात्री देत नाहीत. मी मायला हे सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. अभ्यासकांचं तर तिनं मनावरच घेतलं नाही.

“लग्नाला किती वर्सं झाली व्हती?”

“ती बायकोच असेल तर दहा.”

“लेकरं?”

“तीन. धाकटी तीन वर्षांची.”

मायनं पुन्हा एकदा चित्राकडं बघितलं, या खेपेला जरा जास्त वेळ. मग ढिगाकडं वळून एक गड्डा उचलला.

“मग पडू दे बाई तिला. गुंडा काय, उचलंल मागून.”