आठवीनंतरचा रस्ता

मुलीला मुलांबरोबर शिकवायचं का, हा प्रश्न पहिलीच्या वर्गात कुणी विचारत नाही. जालना जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत मुलगे-मुली एकाच सतरंजीवर बसून पाढे म्हणतात आणि पाच वेळच्या नमाजी बापालाही त्यात काही वावगं वाटत नाही. शिक्षिका आणि पुढे केंद्रप्रमुख म्हणून माझी बहुतेक नोकरी अंबड, बदनापूर आणि भोकरदनच्या गावांत झाली. मुलीला मुलांबरोबर शिकवायचं, फक्त मुलींच्या शाळेत घालायचं की घरीच ठेवायचं, हा वाद माझ्या टेबलापर्यंत यायचा तो सातवी-आठवीच्या टीसीबरोबर. तोही मुलीच्याच. मुलाची टीसी नेताना असं काही विचारणारा बाप मला भेटला नाही.

असं का होतं, याचं उत्तर धर्मात शोधण्याची आपल्याला घाई असते. मी आधी शाळांच्या रचनेकडे बोट दाखवीन. महाराष्ट्रातली जुनी मांडणी पहिली ते चौथी, पाचवी ते सातवी, आठवी ते दहावी अशी. गावची उर्दू शाळा चौथीला नाहीतर सातवीला संपते. जिथं आठवीचा वर्ग जोडला गेला तिथं आठवीला. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, पण त्याचा हात ६ ते १४ वयापर्यंतच पोचतो. म्हणजे गावातली शाळा संपते, कायद्याची सक्ती संपते आणि मुलगी वयात येते, हे सगळं वर्षा-दोन वर्षांत एकदम घडतं. अशा वेळी आईबाप ‘निवड’ करतात असं म्हणणं मला जड जातं.

बदनापूर तालुक्यातल्या एका ट्रकचालक बापानं मला एकदा गप्पच केलं होतं. मराठी माध्यमाच्या हायस्कुलात मुलं-मुली एकत्र असतात म्हणून तो लेकीला पाठवत नाही, असं मी धरून चालले होते. तो म्हणाला, “आपा, शाला का सवाल नै, रस्ते का सवाल है.” वर्गात बाई असते, मास्तर असतात. फाट्यावर कोण असतं? काळीपिवळीत दाटीवाटीनं बसून जायचं, संध्याकाळी एसटी चुकली तर अंधार, आणि त्यावर गावात होणारी चर्चा. ही भीती त्याच्या शेजारच्या मराठा किंवा दलित घरातही तेवढीच होती. फरक इतकाच की तिथं तिला कुणी मजहबचं नाव देत नव्हतं.

२००२च्या महाराष्ट्र मानव विकास अहवालात जालना जिल्हा तळाच्या जिल्ह्यांत होता. त्यातून मानव विकास मिशन आलं आणि त्यातून मुलींसाठीच्या निळ्या बस. ज्या मार्गावर ही बस वेळेवर धावली, तिथं सहशिक्षणाविरुद्धची कुजबुज मी हळूहळू विरताना पाहिली. बुरखा घालून मुली बसमध्ये चढायच्या आणि मिश्र हायस्कुलात दहावी करायच्या. बस बंद पडली की पहिल्या गैरहजर मुली याच. २०२२मध्ये कर्नाटकातल्या हिजाबबंदीची बातमी आली तेव्हा मात्र नवी धास्ती शिरली. शाळेच्या फाटकावर डोक्यावरचा रुमाल काढायला लावतील का, हे आया मला आपल्या महाराष्ट्रातल्या शाळांबद्दल विचारू लागल्या.

मुलींच्या स्वतंत्र शाळेबद्दल माझं मत पुरोगामी मित्रांना पटत नाही. ती मला हवी आहे. औरंगाबादला नवखंडा महालात रफिक झकेरिया महिला महाविद्यालय चालतं; मिश्र कॉलेजला घरातून परवानगी मिळाली नसती अशा मुली तिथून पदवीधर होऊन बाहेर पडल्या. पण स्वतंत्र उर्दू शाळा शहरात सापडते, खेड्यात नाही. शिवाय तिथली मुलगी अकरावी विज्ञानाला आली की भौतिकशास्त्र एकदम इंग्रजीत आणि तलाठ्याची परीक्षा मराठीत. पूर्वी डी.एड. करून उर्दू शाळेत शिक्षिका होणं हे आईबापांना दिसणारं फळ होतं. २०१२ नंतर शिक्षकभरती थंडावली आणि ते फळही गेलं.

आणि ‘घरी शिकवतो’ म्हणजे काय? परदेशात आईबाप अभ्यासक्रम आखून शिकवतात, तशी घरं मला जालना शहरात डॉक्टर-इंजिनिअरांत तेवढी दिसली. बाकी ठिकाणी घरी शिकणं म्हणजे सकाळी मकतबात नाजरा (कुराणवाचन), दुपारी शिलाई मशीन, आणि बाप समजूतदार असेल तर सतरा नंबरचा फॉर्म. खासगीरीत्या दहावीला बसवणाऱ्या या फॉर्मची टिंगल मी करणार नाही. लग्नानंतर त्याच वाटेनं दहावी झालेल्या बायका मला ठाऊक आहेत. पण गणित आणि इंग्रजी घरात कोण शिकवणार? २०२०च्या टाळेबंदीत ते दिसलं. घरात मोबाइल एक, तोही बापाबरोबर कामावर.

मुसलमानांची मुलं मदरशात जातात हा समज सच्चर समितीनं २००६मध्येच मोडला होता; प्रमाण शंभरात तीन-चार. मुलींचा निवासी मदरसा तरीही काही बाप निवडतात, कारण तिथं रोजचा रस्ता उरत नाही. सरकारची कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयंही निवासीच. पण तिथलं जेवण कसं, माध्यम कोणतं, नमाजाला जागा आहे का, हे आया विचारतात तेव्हा उत्तर द्यायला कुणी बसलेलं नसतं. मदरशातली आपा घरी येऊन उत्तर देते.

बदनापूरजवळ वरुडीला वैद्यकीय महाविद्यालय आहे. ते अक्कलकुव्याच्या जामिया इस्लामियाशी, म्हणजे मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवींनी उभ्या केलेल्या मदरशाशी जोडलेल्या संस्थेचं. तिथं मुलं-मुली एकाच वर्गात शरीररचना शिकतात. नववीला लेकीला मिश्र शाळेत घालायला कचरणारे बाप त्या इमारतीकडे बोट दाखवून मला सांगतात, “डॉक्टर बनेगी तो चलेगा.” मला यात ढोंग वाटत नाही. जोखमीच्या पलीकडे काही हाती लागणार असेल तर माणूस जोखीम घेतो. नववी-दहावीच्या पलीकडे त्यांना काही दिसत नाही.

मुलांचं काय, हे शेवटी लिहिते आहे, कारण ते आम्ही सगळ्यांनीच शेवटी ठेवलं. आठवीनंतर मुलगा गॅरेजवर, रोलिंग मिलमध्ये किंवा मोसंबीच्या गाड्यावर. घरी बसवलेली बहीण निदान सतरा नंबर तरी भरते. त्याला तेवढाही वेळ नसतो. आता रिश्ते जुळवताना हे टोचू लागलं आहे. बारावी झालेल्या लेकीसाठी बारावी झालेला मुलगा बिरादरीत सापडत नाही आणि काही आईबाप त्यावर उपाय म्हणून मुलीलाच दहावीत थांबवतात. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मी हा विषय काढायची तेव्हा पुरुष मंडळी खाली बघायची. अलीकडे एका गावानं नववी-दहावीचे वर्ग गावातच जोडून मिळावेत म्हणून अर्ज केला, त्यात मुलींच्या बरोबरीनं मुलग्यांचीही यादी जोडली. अर्ज जिल्हा परिषदेत आहे.